रातपाळीचं रिजेक्शन आणि 'पोरं झोपा काढतात'

भोसरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा रुक्ष आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मेहुण्याचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर गाड्यांचे सुटे भाग, सगळं जॉबवर्क. मी हिशेबनीस, त्याची बिलं-वह्या बघतो, त्यामुळे आकडे आपोआप हाताशी येतात. रातपाळीचं रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारे पीस, दिवसपाळीच्या जवळपास दुप्पट आहे आणि बरेच महिने ते तिथून हललेलं नाही. मेहुण्याचं निदान ठरलेलं: "रात्री मी नसतो, पोरं झोपा काढतात." त्यावर त्याने कॅमेरे लावले. मग मोबाईल गेटवर जमा करायला सुरुवात केली. आता खराब पीसचे पैसे पगारातून कापायचं म्हणतोय. फरक शून्य.

हे ऑपरेटर सरकारी भाषेत अर्धकुशल. दोघा-तिघांचं आयटीआय झालंय, बाकीचे हेल्पर म्हणून आले आणि पीस लावता-काढता मशीन शिकले. प्रोग्रॅम लिहिता येत नाही, सेटिंग येत नाही, पण सेट करून दिलेलं मशीन बिनबोभाट चालवतात. अशा माणसाचं काम कशाने सुधारतं, कशाने बिघडतं? पगार? ट्रेनिंग? धाक? ज्यांनी कारखान्यात काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी लिहा. एमबीएवाल्यांनीही लिहा, पण बेताने.

कोथरूडचे नाना

धाक हवा, बाकी काही नको. आमच्या वेळी सुपरवायझर नुसता दारात येऊन उभा राहिला तरी शॉपमधला आवाज बदलायचा. आता कोणी कोणाला बोलायचं नाही. पगार वेळेवर द्या, चुकला तर घरी पाठवा. यात धागा काढण्यासारखं काय आहे?

निवृत्त सेटर

नाना, धाकाने माणूस वेळेवर येतो. बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, मापात येत नाही.

भोसरीकर, मला आधी एवढं सांगा. रात्री सेटर (मशीन मापाला लावून देणारा) असतो का? टूल स्टोअरची किल्ली कोणाकडे असते? आणि ऑपरेटरला ऑफसेट (कंट्रोलवर आकडा टाकून केलेली मापाची दुरुस्ती) द्यायची परवानगी आहे का?

का विचारतोय ते सांगतो. मी टर्नर म्हणून लागलो आणि सेटर म्हणून निवृत्त झालो, सगळी हयात पिंपरी-भोसरीत गेली. बोअरिंगला इन्सर्ट (कापणारं बदलतं पातं) झिजत गेला की बोअर हळूहळू लहान यायला लागतो. मग भोक तपासायच्या प्लग गेजची 'गो' बाजू आत जाईना. दिवसा असं झालं की ऑपरेटर हाक मारतो, सेटर येतो, दोन-चार मायक्रॉनचा ऑफसेट देतो किंवा इन्सर्टची कड फिरवतो, मशीन पुन्हा चालू. रात्री हाक मारायची कोणाला? मशीन बंद ठेवलं तर सकाळी टार्गेटवरून शिव्या. तसंच रेटलं तर पहाटेपर्यंत रिवर्कचा ढीग. म्हणून पोरगं चोरून ऑफसेट देतं. तो द्यायचा कसा हे त्याला कोणी समोर बसवून शिकवलेलं नसतं, सेटरच्या खांद्यावरून बघितलेलं असतं. दशांशानंतर एक शून्य कमी पडलं की बोअर मोठा होतो. लहान बोअर पुन्हा मारता येतो हो, मोठा झालेला कोणाच्या बापाला लहान करता येत नाही. थेट भंगारात.

आणि एक, तुमच्याकडे गुरुवारी सुट्टी असणार. शुक्रवारी पहिल्या पाळीचे सुरुवातीचे पीस वेगळे काढून मोजून बघा. गार मशीनचं माप आणि तापलेल्या मशीनचं माप सारखं नसतं. तिथेही रिजेक्शन सापडेल आणि तिथे कोणी झोपलेलं नसतं.

भोसरीकर

सेटर एकच आहे, रात्री आठला जातो. स्टोअरवाला साडेसहाला, किल्ली त्याच्या खिशात. इन्सर्ट महाग म्हणून मेहुण्याने कुलपात ठेवलेत, मोजून देतात. ऑफसेटला ऑपरेटरने हात लावायचा नाही असा बोर्डच लावलाय.

रात्री अडलं तर सेटरला फोन करायचा असं ठरलेलं आहे. पण मोबाईल गेटवर जमा. आणि लँडलाइन ऑफिसात, ऑफिसला कुलूप. हे आत्ता टाइप करताना लक्षात आलं. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

आकडेमोड

=))

कहर आहे. मेहुण्याला हा धागा दाखवू नका.

एक सोपी गोष्ट करता येईल. पाळ्या दर आठवड्याला बदलतात ना? म्हणजे रात्री असणारीच माणसं पुढच्या आठवड्यात दिवसा असतात. शिफ्ट रिपोर्टवर ऑपरेटरचं नाव असतं. रिजेक्शन पाळीवार न मांडता माणूसवार मांडा. एखादा दिवसाही वाईट आणि रात्रीही वाईट असेल तर प्रश्न त्या माणसाचा. सगळेच दिवसा ठीक आणि रात्री वाईट असतील तर माणसं बदलून काही होणार नाही. एक्सेलमध्ये तासाभराचं काम आहे, तुम्ही तर हिशेबनीस.

रातपाळी

मी स्वतः ऑपरेटर आहे, चाकणला. परभणीकडचा. इथे वाचत असतो, लिहित नाही. आज लिहितो.

बारा तासांची पाळी असते. कागदावर आठ तास आणि वर ओटी (ओव्हरटाइम). ओटी आम्हालाच पाहिजे असते हे खरं आहे, आठ तासांच्या पगारात रूमचं भाडं, मेसचा डबा आणि घरी पाठवायचे पैसे बसत नाहीत. कायद्याने ओटी दुप्पट दराने असते हे आम्हाला माहीत आहे. मिळते सिंगल. पण ओटी नको म्हणणारा पोरगा मला तरी अजून भेटला नाही.

आमच्या रूमवर जेवढी माणसं आहेत त्याच्या निम्म्या गाद्या आहेत. दिवसपाळीवाले गेले की रातपाळीवाले त्याच गादीवर. वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर झोप लागत नाही, उठून बसतात. म्हणून रात्री तीनच्या पुढे डोळे मिटतात हे तुमच्या मेहुण्यांचं बरोबर आहे. पण ती झोप कारखान्यात आलेली नसते, रूमवर राहिलेली असते.

टार्गेटचं पण सांगतो, ऐकून राग येईल. टार्गेट गाठायच्या थोडं आधी आम्ही हळू होतो. एका नव्या पोराने जोर लावून टार्गेटच्या वर पीस काढले. पहिल्या दिवशी शाबासकी. पुढच्या महिन्यात तोच आकडा सगळ्यांचं टार्गेट झाला. त्या पोराशी कोणी आठवडाभर बोललं नाही. तेव्हापासून तोपण हळू होतो.

कोथरूडचे नाना

म्हणजे कामचुकारपणा आहेच! हे स्वतःच कबूल करतायत.

आकडेमोड

नाना, हे अमेरिकेत नव्वदेक वर्षांपूर्वी मोजून झालंय. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनची उपकरणं बनवायचा. १९३१-३२मध्ये तिथे वायरिंग करणाऱ्या १४ जणांच्या खोलीत एक निरीक्षक बसवला होता. पीसवर जादा पैसे मिळत असूनही त्या गटाने दिवसाचं 'पुरेसं काम' किती हे आपापसांत ठरवलेलं होतं. कोणी त्याच्या वर गेला की बाकीचे त्याच्या दंडावर बुक्की मारायचे. कारण अगदी हेच: जास्त काढलं तर कंपनी दर खाली आणेल ही भीती. ते लोक आळशी होते असं म्हणायचं तर म्हणा, पण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

@रातपाळी, लिहिलंत ते फार बरं केलंत.

इचलकरंजीचा

आमच्याकडं यंत्रमागावर वेगळीच तऱ्हा. हितं धाकाची गरजच नाही, मजुरीच विणलेल्या कापडावर. जेवढं कापड तेवढं पैसं. मग आळस करतोय कोण? तरी दोन शेजारच्या कारखान्यांत, तसल्याच मागांवर, कामगारांची आठवड्याची मजुरी वेगळी पडते. का म्हणाल तर सूत.

मालकानं स्वस्तातलं सूत घेतलं की तार तुटती. एक माणूस चार-सहा माग बघतोय. एका मागाची तार जोडेपर्यंत दुसरा थांबलेला. थांबलेला माग म्हणजे कामगाराची मजुरी थांबलेली. मालक सुतात किलोमागं काही रुपये वाचवतोय आणि ते नुकसान कामगार सोसतोय, आणि वर "हा नीट विणत नाही" म्हणून बोलणी. सायझिंगला खळ नीट बसली नाही तरी तीच गत. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, वेळेवर आला नाही तरी तीच गत. ह्यातलं एकही विणकराच्या हातात नाही.

मार्च-एप्रिलात हवा कोरडी झाली की सुती धागा जास्त तुटतो, म्हणून शेडमध्ये ओल ठेवायला लागती. धाग्याला बरं वाटतं, माणसाचं भरीत होतंय. मे महिन्यात आमच्याकडच्या शेडमध्ये नानांनी एक पाळी उभं राहून दाखवावं, चहा माझ्याकडून.

कानाचं तर बोलूच नका. आमच्या वडलांशी घरात ओरडून बोलायला लागतं.

(अनामिक)

हे सगळं ठीक आहे पण खरं कारण बाहेरून आलेले लोंढे...

*[संपादक: हा प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. धाग्याचा विषय प्रांतवाद नाही.]*

शुभदा_एचआर

एचआर म्हटलं की इथे शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहिते. चाकण-रांजणगाव पट्ट्यात बरीच वर्षं काढली आहेत.

पगार, झोप, सूत सगळं मान्य. पण ज्याविषयी कोणी लिहिलं नाही ती गोष्ट म्हणजे 'ब्रेक'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठेकेदाराकडून आलेल्या किंवा टेम्पररी पोराला सहा-सात महिने झाले की कामावरून कमी करतात. मग काही दिवसांनी नव्या नावाने, नव्या ठेकेदाराकडून, नाहीतर शेजारच्या कंपनीत. कारण २४० दिवस. औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवस भरले की वर्षभराची सलग सेवा धरायचे, मग कमी करताना नोटीस आणि भरपाई आली. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये (कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांमध्ये) तर '४ सी' नावाचं कलम होतं, टेम्पररी माणसाचे २४० दिवस सलग भरले की त्याला कायम करा म्हणणारं. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात काय झालं, तर २४० हा आकडा प्रत्येक टाइम ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल शाईने आला. २०२५च्या नोव्हेंबरात केंद्राने चारही श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) लागू केल्या, कलमांचे आकडे बदलले. सवय तीच आहे.

आता हे कामाच्या बाजूने बघा. अर्धकुशल माणूस म्हणजे काय? त्याच्याकडे पदवी नाही, दाखवायला कागद नाही. त्याच्याकडे असतो तो त्या एका मशीनवर, त्या एका जॉबवर बसलेला हात. कूलंटचा (मशीन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) वास बदलला की त्याला कळतं. इन्सर्ट जायला आला की चिपचा (कापून निघणाऱ्या धातूच्या किसाचा) रंग आणि आवाज बदलतो हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. हे यायला चार-पाच महिने लागतात. मग दोन महिने तो खरा कामाचा असतो. आणि मग त्याला ब्रेक! त्याच्या जागी नवा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून. त्या नव्या मुलाला शिकवतो कोण, तर ज्याला पुढच्या महिन्यात ब्रेक मिळणार आहे तो. तो कशाला जीव तोडून शिकवेल?

मी मॅनेजमेंटच्या बैठकांमध्ये हे मांडलेलं आहे. ब्रेकमुळे वाचणारी रक्कम कागदावर दिसते, एका ओळीत. ब्रेकमुळे झालेलं रिजेक्शन दहा ठिकाणी विखुरलेलं असतं, ते कोणीच एका ओळीत आणत नाही. भोसरीकर, तुम्ही हिशेबनीस आहात, तुमच्याकडे तरी आणून बघा.

वेतनाबद्दल थोडंसं. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या आहेत आणि त्यावर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. पण अकुशल आणि अर्धकुशल यांच्यातलं अंतर शेकड्यांत मोजण्याइतकं आहे. मशीन शिकून हाती पडणार काय, तर महिन्याचा मोबाईल रिचार्ज आणि वर थोडं. तरी मुलं शिकतात, कारण त्यांना वाटतं इथून पुढे सेटर होता येईल. ते दार उघडं दिसलं पाहिजे एवढंच.

निवृत्त सेटर

शुभदाताई, शंभर टक्के. मी सेटर झालो कारण माझा उस्ताद मला रविवारी घरी बोलावून ट्रिग्नॉमेट्री शिकवायचा. ते त्याच्या पगारात नव्हतं. मी त्याच कंपनीत राहणार हे त्याला माहीत होतं म्हणून त्याने वेळ घातला. ब्रेकवाल्या पोराला मी तरी शिकवला असता का? खरं सांगायचं तर नसता.

हार्नेस

वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या) लाइनवर होते, लग्नाआधी. आमची लाइन सगळी मुलींची. सगळ्यांनी मशीनबद्दल लिहिलं, मी बाथरूमबद्दल लिहिते.

लाइन चालू असताना जागा सोडायची तर 'रिलीव्हर' यावी लागायची. एक रिलीव्हर सगळ्या लाइनला. हात वर करून थांबायचं, ती दुसरीकडे असली की थांबतच राहायचं. त्यावर मुलींनी शोधलेला उपाय म्हणजे पाणी न पिणं. सकाळपासून दुपारपर्यंत एक घोट नाही. मग डोकं दुखणार, लघवीची जळजळ, आणि महिन्यातून दोन दिवस दांडी. सुपरवायझरच्या लेखी 'मुली फार दांड्या मारतात'. आमच्या लाइनवर एकीने चुकीच्या खाचेत पिन बसवली म्हणून तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. ती त्या दिवशी कशी बसली होती ते आम्हालाच माहीत होतं.

नंतर एक बाई लाइन लीडर झाल्या, आमच्यातूनच वर गेलेल्या. त्यांनी दुसरी रिलीव्हर मागून घेतली. दुसरं काहीच केलं नाही. दांड्या कमी झाल्या, चुकाही.

कोथरूडचे नाना

हार्नेसताई, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे महिला कामगार नव्हत्याच.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. प्रत्येक वेळी परिस्थितीच जबाबदार आणि माणूस कधीच नाही, हे मला पटत नाही. एकाच शेडमध्ये, त्याच पत्र्याखाली, एक जण चोख काम करतो आणि दुसरा नाही. त्याचं काय?

आकडेमोड

मुद्दा रास्त आहे, नाना. भोसरीकरांचं माणूसवार कोष्टक येऊ द्या, तिथेच कळेल.

तोवर आपल्या जवळचं एक उदाहरण. पालघरमधलं तारापूर आणि त्याच्या पुढचं गुजरातमधलं उंबरगाव, इथल्या कापड गिरण्यांमध्ये २००८च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. काही गिरण्यांना सल्लागार कंपनीची मदत फुकट दिली, काहींना फक्त तपासणी. सल्लागारांनी काय केलं? जमीन साफ, हत्यारं जागेवर, मशीनची देखभाल ठरल्या वेळी, सुताचा साठा लेबल लावून रचलेला, कापडातले दोष रोज लिहून त्यावर सकाळी बैठक. मशिनरी तीच, माणसं तीच. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. याआधी मालक हे का करत नव्हते? बऱ्याच जणांना वाटत होतं की आपलं बरं चाललंय आणि असल्या गोष्टींनी फायदा होत नाही.

आणि पैसे आधी हातात पडले, उचलीसारखे, तर काय होतं त्याबद्दल. ओडिशात साल वृक्षाच्या पानांच्या पत्रावळी लावणाऱ्या मजुरांवर प्रयोग झाला. मजुरी पीसवर. काहींना आतापर्यंतच्या कामाचे पैसे शेवटी न देता मध्येच दिले. एकूण रक्कम तेवढीच, दरही तोच. ज्यांना आधी मिळाले त्यांचं तासाचं काम सुमारे सात टक्क्यांनी वाढलं आणि चुकाही कमी झाल्या. देणं फिटलं की डोक्यातली चक्रं थांबतात, एवढंच.

इचलकरंजीचा

पत्रावळ्या आणि सीएनसी एकाच तराजूत? संशोधकांना काय उद्योग नसतोय.

पण उचलीचं खरं हाय. आमच्याकडं यात्रेच्या आधल्या आठवड्यात कोणाचंच मन मागावर नसतंय. उचल मिळाली की दुसऱ्या दिवशी हात चालतोय. फक्त उचल फिटेस्तोवर तो कामगार दुसरीकडं जाऊ शकत नाही, ही त्याची दुसरी बाजू. मालकाला तेच पाहिजे असतंय.

रातपाळी

उचल देताना पगारपत्रकावर दाखवत नाहीत, वहीत लिहितात. मग किती फिटली यावरून भांडण. ते भांडण डोक्यात घेऊन मशीनवर उभं राहायचं.

भोसरीकर

कोष्टक झालं. तासाभराचं काम म्हणे! मागचे रिपोर्ट काढून, कूलंटने चिकटलेली पानं सोडवून मांडायला दोन रविवार गेले. आकडे टाकत नाही, धंद्याचा मामला आहे, पण चित्र असं आहे.

जवळजवळ सगळे दिवसा ठीक आणि रात्री वाईट. म्हणजे माणूस पाळी बदलतो, रिजेक्शन मात्र रातपाळीतच राहतं. आणि रात्रीतही ते सपाट नाही. स्टोअर बंद झाल्यावर पहिले काही तास ठीक, मध्यरात्रीनंतर चढत जातं. म्हणजे हातातले इन्सर्ट संपल्यावर. सेटरकाकांनी न बघता सांगितलं होतं.

दोघे अपवाद. एक जण रात्रीही चोख. नाना म्हणतात तो चोख माणूस हाच. त्याच्याशी निवांत बोललो. तो आधीच्या कारखान्यात ऑफसेट शिकून आलाय, आणि दिवसपाळीत टाकून दिलेल्या इन्सर्टमधल्या वापरण्याजोग्या कडा डब्याच्या पिशवीत जपून ठेवतो, रात्रीसाठी. ऑफसेटचा आणि इन्सर्टचा, दोन्ही नियम मोडतो म्हणून त्याचं काम चांगलं आहे. हे मेहुण्याला कसं सांगायचं यावर विचार चालू आहे.

दुसरा दिवसाही वाईट, रात्रीही वाईट. मेहुण्याच्या यादीत तो पहिला. वय पंचेचाळीसच्या आसपास, सगळ्यांत जुना माणूस. त्याचं रिजेक्शन तपासलं तर बहुतेक जॉब असे, ज्यांत साधं व्हर्निअर (बारीक रेघा वाचून माप घ्यायचं साधन) वाचावं लागतं. गेज लावायच्या जॉबमध्ये तो बाकीच्यांसारखाच. मी त्याला बिलावरचा बारीक मजकूर वाचायला दिला, त्याने हात लांब करून धरला.

शुभदा_एचआर

चाळिशी! आणि इतकी वर्षं कोणालाच कळलं नाही.

आसामच्या चहामळ्यांमध्ये याच्यावर अभ्यास झालाय. चाळिशीच्या पुढच्या पानं खुडणाऱ्या कामगारांना जवळचा चष्मा दिला, आणि चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांचं काम सुमारे २२ टक्के जास्त भरलं. साधा वाचायचा चष्मा. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आहे ना त्याच्याकडे? नसेल तर तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मला जास्त बोलायला आवडेल.

कोथरूडचे नाना

माघार घेत नाही, पण चष्म्याचे पैसे मी देतो. मेहुण्याला सांगू नका कोणी दिले.

भोसरीकर

नाना, चष्मा झाला, राहू द्या.

मेहुण्याशी बसून बोललो. शॉपमध्ये एक साधा फोन ठेवणार, सेटरचा नंबर भिंतीवर. रात्रीसाठी मोजून इन्सर्टचा डबा बाहेर, वापरलेला जमा केल्यावर नवा. साध्या व्हर्निअरच्या जागी डिजिटल. पैसे कापण्याचा विषय संपला. पत्र्यावर वारा ओढणारे पंखे बसवायचे म्हणतोय, ते दिवाळीनंतर, म्हणजे कधी ते देव जाणे. ओटी दुप्पट द्यायचा विषय काढला तर चहा मागवून विषय बदलला. ठेकेदाराचा ब्रेक बंद करायला थेट नाही म्हणाला. रात्रीचा सेटर परवडत नाही म्हणतो, त्यात तथ्य आहे, सेटरचा पगार छोट्या युनिटला जड जातो.

ऑफसेटवर मात्र अडलंय. ऑपरेटरला ऑफसेट शिकवायला तो तयार नाही. "एकाने एक शून्य चुकवलं तर टर्रेट (हत्यारांचं डोकं) चकवर (पीस धरणाऱ्या पकडीवर) जाऊन आदळेल, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) मी भरून देऊ का?"

निवृत्त सेटर

भीती खोटी नाही. मी आदळलेले टर्रेट बघितलेत, खर्च ऐकून मालक खाली बसतो.

पण त्यावर उपाय मशीनमध्येच आहे. बहुतेक कंट्रोलमध्ये एका वेळी वेअर ऑफसेट (झिजेपुरती दुरुस्ती) किती देता येईल याला पॅरामीटरने मर्यादा घालता येते. ती शंभर-दोनशे मायक्रॉनच्या आत बांधून टाका, मग टर्रेट आदळण्याइतका मोठा आकडा कंट्रोल घेणारच नाही. जॉमेट्री ऑफसेटच्या (हत्याराच्या मूळ मापाच्या) पानाला कुलूप, फक्त वेअरचं पान उघडं. मर्यादेच्या आतही चूक होईल, पण ती एका पीसची, स्पिंडलची नाही. शिकवायला तो चोख पोरगाच लावा, त्याला रोजचा अर्धा तास त्यासाठी काढून द्या आणि त्या अर्ध्या तासाचं टार्गेट कमी धरा. नाहीतर तो शिकवणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल.

भोसरीकर

हे आमचा सेटर करू शकेल की सर्व्हिस इंजिनिअर बोलवावा लागेल?

निवृत्त सेटर

कंट्रोल कुठला आणि कुठल्या साली घेतलंय त्यावर आहे. पॅरामीटर बदलण्याआधी सगळ्यांचा बॅकअप घ्यायला सांगा. मागच्या पॅनेलवरच्या पाटीचा फोटो टाका, बघून सांगतो.